वाघजाईच्या वाटेचं सेवाकार्य

"बायकोशी खोटं बोलायचंच झालं, तर साधं बोलू नये. देवाधर्माचं बोलावं! साधं खोटं दुसऱ्या दिवशी पकडलं जातं. देवाधर्माच्या खोट्याला बायको वर डबा बांधून देते!"

हे सखाराम पिलणकराचं तत्त्वज्ञान. सखाराम रत्नागिरी बंदरावरच्या जकात कचेरीत कारकून. वय चाळिशीच्या पुढं, मिशा पिळदार, आणि थापा मारण्यात उभ्या आळीत त्याचा हात धरणारा माणूस नव्हता. शेजारच्या नव्या जावयाला त्यानं एकदा, "आमच्या आळीत जावयानं पहिल्या शिमग्याला माडावर चढायची रीत आहे," असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की बिचारा धोतर खोचून अर्ध्या माडावर गेला! चढला खरा, पण उतरेना. खाली सासू रडतेय, वर जावई रडतोय, आणि सखाराम मधल्या मधे लोकांना सांगतोय, "गर्दी करू नका, रीत चालू आहे!"

तर असा हा सखाराम. कुणाला भ्यायचा नाही. भ्यायचा तो फक्त चैत्रातल्या रविवारांना!

कारण चैत्र लागला की घरोघर पापड! आणि पापड म्हटले की पीठ कुटणं आलं. गेल्या साली आनंदीबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या हातात मुसळ दिलं होतं. "जरा दोन घाव घाला हो," म्हणाल्या. ते दोन घाव संध्याकाळपर्यंत चालले! पुढं दोन दिवस सखारामला स्वतःच्या मिशीला पीळ देता येईना. कचेरीत लोक विचारायला लागले, "पिलणकर, घरी सगळं ठीक ना?"

शेजारच्या रघूनं मात्र केव्हाच शरणागती पत्करलेली. रविवारी हा गृहस्थ अंगणातल्या खळ्यात वाळत घातलेल्या पापडांपाशी हातात काठी घेऊन बसायचा. कावळे राखायला! सखाराम कुंपणावरून वाकून विचारायचा,

"काय रघू, आज किती कावळे मारलेस?"

"मारतोय कसले! त्यातल्या एकाशी ओळख झालीय."

"शाबास! उद्या त्याला जेवायला बोलाव. अरे, मर्द माणसानं रविवारी डोंगरावर जावं, मोकळा वारा खावा! तू बस बायकोचे पापड मोजत!"

हे बोलायला सखारामला तोंड होतं. कारण यंदा त्यानं जालीम उपाय शोधून काढला होता. आळीच्या मागच्या डोंगरावर वाघजाईचं देऊळ. तिथं जाणारी जुनी वाट पावसानं खचलेली, पायऱ्यांचे चिरे निसटलेले, वर करवंदीचं रान माजलेलं. देवीला जाणं लोकांनी सोडूनच दिलेलं. सखारामनं शिमगा व्हायच्या आधीच जाहीर केलं, की आपण दर रविवारी डोंगरावर जाऊन ही वाट दुरुस्त करणार! मंडळाचं नावसुद्धा ठरलं. 'श्रीवाघजाई वाट सेवा मंडळ'! अध्यक्ष सखाराम. बाकीचे सगळे पदाधिकारी आणि सभासद मिळून एकटा धोंडू मास्तर.

धोंडू मास्तर म्हणजे प्राथमिक शाळेतला जाडा, घामट, सज्जन माणूस. त्याच्यात एकच खोड होती. तोंडून खोटं निघालं की त्याला उचकी लागायची! म्हणून सखारामनं त्याला बजावून ठेवलेलं, "मास्तर, तुम्ही फक्त मान हलवायची. बोलायचं मी!"

रविवारी सकाळी दोघं कुदळ-फावडी खांद्यावर टाकून आळीतून निघायचे. सरळ निघायचे नाहीत! प्रत्येक घरापुढं उभे राहून, "चला, देवीचं काम!" असं ओरडत, दोन-तीन ठिकाणी चहा घेत निघायचे. आनंदीबाई तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कैरीचं लोणचं बांधून द्यायच्या. डोंगराच्या मध्यापर्यंत गेलं, की आळी दिसेनाशी व्हायची. तिथून हे सेवेकरी हळूच डावीकडं वळायचे.

डावीकडं काशीचा मळा होता. काशी ही खालच्या वाडीतली शेतकरीण. नवरा मुंबईला गिरणीत, शेत एकटीच्या अंगावर. बाई कामाला वाघ आणि तोंडाला वाघीण! मळ्याच्या कडेला काजूचं डेरेदार झाड, आणि झाडाखाली काशीनं महिनाभर रानातून गोळा करून रचलेला वाळक्या पानांचा, डहाळ्यांचा माणसापेक्षा उंच ढीग. हा पातेरा जमिनीवर पसरायचा, भाजायचा, आणि त्या राखेत पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकायचं. याला राब म्हणतात. काशीला हा राब म्हणजे वर्षाचा भात!

सखारामला तो ढीग म्हणजे गादी. अहाहा! समोर समुद्र, वर काजूची सावली, खाली गुबगुबीत पातेरा! सखारामनं घरातली एक उशीही हळूच पळवून आणून त्या ढिगात पुरून ठेवलेली. पत्त्याचे दोन डाव, मग भाकरी, मग करवंदं, आणि मग पार उन्हं कलेपर्यंत घोरणं! निघताना कपड्यांना लाल माती फासायची आणि कण्हत कण्हत आळीत शिरायचं. आनंदीबाई दारातच कढत पाणी घेऊन उभ्या!

"फार दमलात हो!"

"देवी करवून घेते, मी कोण?"

तीन-चार रविवार असे सुखात गेले. आणि मग आनंदीबाईंना अभिमानाचा झटका आला! विहिरीवर, देवळात, वाण्याच्या दुकानात, जिथं जातील तिथं, "आमच्या ह्यांनी वाघजाईची वाट केली!" ही बातमी आळीतल्या म्हाताऱ्या गंगुबाईंच्या कानावर गेली. गंगुबाईंचा मुलगा कधीचा आजारातून उठलेला, वाघजाईची ओटी बोललेली, पण वाट नाही म्हणून तो नवस तसाच राहिलेला. म्हातारीला रोज रात्री त्याचं ओझं वाटायचं. ती काठी टेकत शनिवारी थेट सखारामच्या ओटीवर आली आणि त्याच्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणाली,

"बाबा रे, माझा नवस फिटायची वेळ आणलीस! उद्या सगळ्या बायका ओटी घेऊन येतोय. तुझ्या वाटेनं!"

सखारामच्या घशात चहाचा घोट उलटा फिरला!

"उद्या? उद्या नको गंगुबाई! वाट अजून... ओली आहे!"

"ओली? चैत्रात?"

"घामानं!"

आनंदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत? घामानं! आता तर उद्या जायचंच!"

गंगुबाई गेल्या, आनंदीबाई आत वळल्या, तसा चहाला आलेला धोंडू मास्तर म्हणाला, "सखाराम, खरं काय ते सांगून टाकू या रे!"

"वेडे का तुम्ही? खरं सांगितलं तर हे मंडळ बुडालंच, पण पुढल्या प्रत्येक चैत्रात माझ्या हातात मुसळ! मरेपर्यंत मुसळ, मास्तर! आणि त्या रघ्याला मी तोंड काय दाखवू? जुन्या वाटेनं न्यायचंच नाही. गुरांच्या वाटेनं नेऊ. गुरांनी यंदाच चांगली मळलीय, काशीच्या मळ्यावरनं थेट देवळामागं निघते. तीच आपण केली म्हणायचं!"

"आणि गुरं?"

"गुरं कशाला सांगायला येतात?"

रविवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढं सखाराम, मागं धोंडू, आणि त्यांच्या मागं कासोटे घट्ट खोचलेल्या, ताटं घेतलेल्या आळीतल्या सगळ्या बायका. बायकांत गंगुबाई काठी आपटत सगळ्यांत पुढं!

थोडं वर गेल्यावर म्हातारी थांबली. "ही जुनी वाट नव्हे रे सखाराम."

"नवीच काढली, गंगुबाई! जुनी फार वळणं घेत होती."

"उचक्!" मागनं धोंडू.

"मग पायऱ्या कुठायत?"

"पायऱ्यांनी म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात. म्हणून आम्ही पायऱ्या काढूनच टाकल्या!"

"उचक्! उचक्!"

"मास्तर, पाणी प्या! ऊन लागलंय तुम्हाला!"

"आणि हे शेण हो?" आनंदीबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं.

"वाट सारवायला आणून ठेवलंय!"

धोंडू मास्तर आता उचकीनं जमिनीवरनं उडायला लागला होता. पण बायका खूश! "बाई, काय सोय केलीय! सारवणार सुद्धा!"

आणि अशी ही वरात काशीच्या मळ्याशी आली. काशीनं मळा झाडून आरशासारखा स्वच्छ ठेवलेला, आणि काजूखाली तो डोंगराएवढा पातेरा! बायका उभ्याच राहिल्या.

"अगंबाई! केवढा हा ढीग!"

इथं सखारामनं गप्प बसायचं होतं. पण थापाड्याच्या जिभेला आणि उतारावरच्या बैलगाडीला मधेच थांबता येत नाही! तो छाती काढून म्हणाला,

"वाटेवरचा पाचोळा! सगळा आम्ही दोघांनी झाडून काढला!"

गंगुबाईंनी डोळे बारीक केले. "मला तर हा राबाचा पातेरा वाटतो रे."

"छे छे गंगुबाई! राबाचा पातेरा वेगळा. तो... जरा गोरा असतो!"

"उचक्!"

"बरं, झालं बघून?" सखाराम घाईघाईनं म्हणाला. "चला वर! देवी खोळंबलीय!"

पण आनंदीबाई जागच्या हलेनात. कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडं, दिवाळीच्या आधी माळ्याकडं बघावं, तशा बघत होत्या.

"अहो, एवढं झाडलंत आणि ढीग वाटेच्या कडेलाच ठेवलात? एक वाऱ्याची झुळूक आली की सगळं परत वाटेवर! इतक्या रविवारांची मेहनत फुकट! बायांनो, ताटं खाली ठेवा! पलीकडं ओढ्याचा पऱ्या कोरडाच आहे, त्यात लोटून देऊ!"

"अगं नको!" सखाराम किंचाळलाच. "दमाल तुम्ही!"

"तुम्ही रविवारामागून रविवार दमता, आम्ही तासभर दमलो तर काय झालं?"

"पापाचं आहे! म्हणजे... पुण्य आमचं आहे! तुम्ही कशाला घेता?"

"बघा बाई, पुण्यातसुद्धा वाटा द्यायला तयार नाहीत!"

आणि बायका त्या ढिगावर तुटून पडल्या! पदर खोचले, लुगड्यांच्या ओट्या केल्या, आणि पातेऱ्याचे भारेच्या भारे पऱ्याच्या खोल घळीत जायला लागले. आळीतल्या बायकांना आवरायला काहीतरी मिळालं, की त्यांना वाघजाईसुद्धा आवरू शकत नाही! सखाराम एका बाजूनं, "राहू द्या, राहू द्या," करत नाचतोय आणि दुसऱ्या बाजूनं ढीग बसतोय! त्याला पानं दिसत नव्हती. त्याला काशीचं तोंड दिसत होतं!

एवढ्यात एक बाई ओरडली, "अगं आनंदीबाई, हे काय सापडलं!"

उशी!

आनंदीबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "ही आपली उशी! महिनाभर शोधतेय मी! अहो, ही इथं कशी?"

सखारामला घाम फुटला. खरा घाम! त्या डोंगरावर त्याला आलेला पहिलाच. "चिरे... चिरे वाहायला! खांद्यावर उशी ठेवायची, उशीवर चिरा!"

"अरे देवा! खांदे सोलवटले असतील हो तुमचे!"

"आणि हे पत्ते?" दुसरीनं विचारलं.

"ते मास्तरांचे! आज कुणी कुठं खणायचं, ते आम्ही पत्ते पिसून ठरवतो. देवीच्या कामात भांडण नको!"

सगळ्यांनी धोंडूकडं पाहिलं. धोंडूनं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलेलं. गाल फुग्यासारखे, डोळे बाहेर! उचकी आत कोंडल्यामुळं मास्तर जागच्या जागी भाताच्या उकळत्या हंडीवरच्या झाकणासारखा उडत होता.

शेवटचा भारा पऱ्यात गेला, आणि त्याच क्षणी मळ्याच्या दुसऱ्या टोकाकडनं आवाज आला,

"आगं बाय माज्ये! माजा राब कुटं ग्येला?"

काशी! डोक्यावर शेणाची पाटी. तिनं एकदा रिकाम्या जागेकडं पाहिलं, एकदा पऱ्याकडं पाहिलं, आणि पाटी खाली आपटली.

"महिना घालवलाय मी, महिना! आता भाजू काय, माजा कपाळ? राब नाय तर बी कुटं टाकू? पोरांना काय दगड शिजवून घालू? कोनी क्येला ह्या?"

बायका दचकून मागं सरल्या. गंगुबाई पुटपुटल्या, "मी म्हटलं नव्हतं?" सखाराम पुढं झाला. हसायचा प्रयत्न केला. मिशी हसली, बाकीचं तोंड हसेना.

"काशी, रागावतेस काय! शिमग्यात कुणाची लाकडं गेली, पानं गेली, तर कुणी रागावतं का?"

"शिमगा?" काशी कडाडली. "आवो, धुळवड झाली, पालकी देवळात बसली! तुमचा शिमगा काय बारा म्हयने चालतो? आनि तुमी कोन मना सांगनार? दर आयतवारी ह्याच ढिगात तंगड्या पसरून—"

"—पसरून पसरून आम्ही पातेरा रचतो!" सखाराम तिच्याहून मोठ्यानं ओरडला. मग एका ढांगेत तिच्यापाशी जाऊन, हात जोडून, दातांतल्या दातांत म्हणाला, "काशी, बाई माझे, तुझ्या पाया पडतो! बायको बघतेय!"

काशी थांबली. तिनं सखारामकडं पाहिलं. मग आनंदीबाईंकडं. मग आनंदीबाईंच्या काखेतल्या उशीकडं. मग उडणाऱ्या मास्तराकडं. आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सखारामला ते हसू ओळखीचं वाटलं. नव्या जावयाला माडावर चढवताना त्याच्या स्वतःच्या तोंडावर असलंच हसू होतं!

"असा व्हय!" काशी हळू आवाजात म्हणाली. "सांगू तिला, तुमचा घोरना खालच्या वाडीपर्यंत येता त्यो?"

"नको! काय पाहिजे ते माग!"

"राब."

"म्हणजे?"

"म्हंजे सगला पातेरा पऱ्यातनं वर. आज. मंग पुडल्या आयतवारी शेन. मंग भाजनी. मंग नांगरट."

सखारामनं डोळे मिटले. उघडले. वळला, आणि बायकांपुढं हात पसरून घोषणा केली,

"बायांनो! गैरसमज झाला! हा पातेरा काशीचा. वाटेवरचा आम्ही झाडलेला ह्याच्याखाली होता! पण जे होतं ते देवीच्या मनात असतं. आमच्या मंडळानं आजपासून नवं कार्य हाती घेतलंय. काशीचा राब आम्ही करून देणार! आजच!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. आनंदीबाईंना तर नवऱ्याला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. त्या काशीजवळ गेल्या, तिचा हात धरला. "चुकलं बाई आमचं. आम्हाला तांदूळ पोत्यातून येतो एवढंच ठाऊक. तू आता जरा टेक. हे करतील सगळं! ही घे उशी."

आणि ती उशी, सखारामनं घरातून जिवावर उदार होऊन पळवलेली उशी, काशीच्या डोक्याखाली गेली! काजूच्या सावलीत! त्याच्याच जागी!

बायका गुरांच्या वाटेनं वर गेल्या. गंगुबाईंनी देवीची ओटी भरली. उतरताना म्हातारीचा चेहरा असा हलका झालेला, की काठी तिनं काखेतच धरलेली. जाता जाता पऱ्यात वाकून म्हणाली, "सखाराम, कुणी का केलेली असेना, वाट चांगली आहे हो!" आणि डोळा मिचकावून गेली. बायका घरी परतल्या, कारण दुपारी पापड लाटायचे होते.

इकडं पऱ्यात अध्यक्ष आणि सर्व सभासद! पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, दरड चढायची, ओतायची, परत उतरायचं. पातेरा टाकताना बायकांना तासभर लागला नव्हता. पण खाली जाणारा पातेरा वेगळा आणि वर येणारा वेगळा! त्यात करवंदीचे काटे, त्यात लाल मुंग्या. मुंग्यांनी तर सखारामच्या धोतरात स्वतःचं मंडळच काढलं! धोंडू मास्तराची उचकी मात्र पार थांबली. खोटं बोलायला लागतो तेवढा श्वासच त्याच्यात उरला नव्हता.

वरनं अधूनमधून काशीचा आवाज यायचा. "सखारामभाव, तकडं कोपऱ्यात ऱ्हायला वायंच! डोले बंद हायत माजे, पन दिसताय मना!"

भाकऱ्याही तिनं अर्ध्या खाल्ल्या. सुकटीची चटणी छान झालीय म्हणाली.

उन्हं उतरताना सखाराम आळीत शिरला. आज मातीही फासावी लागली नाही, कण्हायचं नाटकही करावं लागलं नाही. तळहातांना फोड, मान कुठल्या बाजूला वळते तेच आठवेना. घराच्या खळ्यात येऊन पाहतो तो काय! ओटीवर त्याची स्वतःची आरामखुर्ची, खुर्चीत पाय पसरून रघू! एका हातात काठी, दुसऱ्या हातात पापडाच्या पिठाची तेलात बुडवलेली लाटी, आणि शेजारी सरबताचा पेला! समोर खळ्यात नवे पापड.

"काय सखाराम," रघूनं लाटी चघळत विचारलं, "खाल्लास मोकळा वारा?"

सखारामनं मिशीला पीळ द्यायला हात उचलला. फोडांनी तो परत खाली आणला!

आनंदीबाई धावत बाहेर आल्या. त्याला ओटीच्या पायरीवर बसवलं, त्याचे हात उलटे करून पाहिले, आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, मी पापी आहे! इतके रविवार तुम्ही कुदळ घेऊन जाता, पण हाताला साधा घट्टा नाही की फोड नाही. माझ्या मनात आलं होतं, तुम्ही नुसते झोपायला जाता! मला क्षमा करा. आज फोड बघितले नि खात्री पटली!"

"असू दे," सखाराम कसाबसा म्हणाला. "ते... पीठ कुणी कुटलं?"

"भागोजीनं. गेल्या साली तुमचे हात धरले, तेव्हाच मी ठरवलं होतं, यंदा कुटायला गडी लावायचा. तुम्हाला कसलं काम सांगणार होते मी! नुसतं ह्या खुर्चीत सावलीला बसायचं, काठी हलवायची, आणि हव्या तेवढ्या लाट्या खायच्या. पण तुम्ही कसले बसताय! तुम्हाला देवीचं काम! मग रघुभावजींना बोलावलं."

सखारामनं त्या खुर्चीकडं पाहिलं. मग खाकरून, अगदी सहज सुचल्यासारखा म्हणाला,

"हे बघ, पुढल्या रविवारी मी घरीच थांबीन म्हणतो. तुला मदत—"

"छे छे! भलतंच!" आनंदीबाईंनी कानांवर हात ठेवले. "काशीला मी सांगून आलेय, पाऊस पडेपर्यंत मंडळ दर रविवारी येईल म्हणून. वाटेत तिचा वेगळा राहणारा दीर शिवा भेटला, तोसुद्धा विचारत होता, आमच्याकडं कधी येतील?"

"काळजी करू नकोस रे," रघू म्हणाला. "कावळ्यांचं मी बघतो!"

तेवढ्यात एक कावळा आलाच. रघूनं काठी उचलायचीही तसदी घेतली नाही. ओळखीचा असावा! त्यानं निवांत एक पापड चोचीत धरला, सखारामकडं मान वाकडी करून पाहिलं, आणि थेट डोंगराकडं उडाला. काशीच्या काजूवर बसून खाणार असेल.

तिथली सावली आता रिकामीच होती ना!